नव्या विमानासाठी बिड भरताना: सिनिऑरिटीचा हिशोब कसा मांडायचा

विमान कंपनीत नवीन विमान येणार, त्यावर जायला पायलटांनी बिड (पसंतीचा अर्ज) भरावं, असं परिपत्रक निघालं की दोन दिवसांत माझा फोन वाजायला लागतो. कागल, इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज अशी आपल्याच भागातली मुलंमुली, एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानावर वर्ष-दोन वर्षं काढलेली पायलट. प्रश्न ठरलेला असतो: "सर, माझा नंबर लागेल का?" मी त्यांना विचारतो, "लागला तर तिथं तू कितवा असशील?" हा हिशोब बहुतेकांनी केलेला नसतो, आणि पुढची तीन-चार वर्षं कशी जाणार हे त्याच्यावरच ठरतं. तो कसा करायचा ते क्रमाने लिहितो. मी एटीआरवर सुरुवात केली, दोन वेळा टाइप (विमानाचा प्रकार) बदलला, आणि पहिल्या बिडमध्ये केलेल्या एका चुकीने माझी कमांड (कॅप्टनची जागा) जवळपास तीन वर्षं लांबली. ती चूक पाचव्या पायरीत सांगितली आहे.

एक आधीच सांगतो. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे. इथे मी गाडा कसा चालतो ते सांगतोय. तास, तारखा आणि अटी तुमच्या हातातल्या परिपत्रकातूनच घ्या.

१. यादी म्हणजे काय, ते नीट समजून घ्या

सिनिऑरिटी लिस्ट म्हणजे कंपनीतल्या सगळ्या पायलटांची रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे लावलेली रांग. तुम्ही किती चांगलं उडवता, चेकमध्ये (कौशल्याच्या तपासणीत) काय शेरा मिळाला, याचा त्या नंबराशी संबंध नसतो. एकाच दिवशी रुजू झालेल्या बॅचमध्ये पुढे कोण, हे कंपनी आपल्या नियमाने ठरवते. कुठे वय बघतात, कुठे प्रशिक्षणातले गुण, कुठे आणखी काही. आपल्या कंपनीत काय बघतात ते रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात लेखी विचारून ठेवा.

आपल्याकडच्या माणसाला हे उसावरून चटकन कळतं. कारखान्यात लागणीची नोंद आधी ज्याची, त्याची तोड आधी. तुमचा ऊस कितीही जोमदार असू दे, टोळी आधी त्याच्या फडात जाणार. आणि एका कारखान्यातली नोंद दुसऱ्या कारखान्यात चालत नाही. विमान कंपनीतही तसंच. कंपनी बदलली की तास तुमच्याबरोबर येतात, नंबर येत नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा तिथे वर्षानुवर्षं काढलेली माणसं दुसऱ्या कंपन्यांत नव्या रुजू तारखेने लागली. जास्त पगाराच्या ऑफरवर उडी मारण्याआधी हे एकदा डोळ्यांसमोर आणा.

दोन कंपन्या एकत्र आल्या तर दोन याद्या एकात कशा गुंफायच्या, यावरून मोठी भांडणं होतात. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या. पुढे बोइंग ७८७ यायची वेळ आली, तेव्हा त्याचं प्रशिक्षण मूळ इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनाही मिळणार म्हणून मूळ एअर इंडियाच्या पायलटांनी मे २०१२ मध्ये काम थांबवलं. आपली बढती मागे पडेल, ही त्यांची तक्रार. तो संप ५८ दिवस चालला. नवं विमान आणि जुनी यादी यांची गाठ पडली की माणसं एवढी का पेटतात, हे बाहेरच्याला कळत नाही. आतल्याला कळतं, कारण ती रांग निवृत्तीपर्यंत सुटत नाही.

२. तुमचे नंबर तीन आहेत, तिन्ही काढा

पहिला, कंपनीच्या पूर्ण यादीतला. बिडमध्ये हाच लागतो.

दुसरा, तुमच्या सीटवरचा. म्हणजे कॅप्टन वगळून फक्त फर्स्ट ऑफिसरांत (को-पायलटांत) तुम्ही कितवे.

तिसरा, तुमच्या फ्लीटवर (एकाच प्रकारच्या विमानांच्या ताफ्यात) आणि बेसवर (जिथून ड्यूटी सुरू होते त्या शहरात) तुम्ही कितवे. दिवाळीला सुट्टी मिळणार का, महिन्यातले किती दिवस स्टँडबाय (बोलावलं तर जायच्या तयारीत), पहाटेची फ्लाइट कोणाच्या माथी, हे सगळं या तिसऱ्या नंबरावर चालतं, निदान जिथे रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) नंबराने लागतो तिथे. नवीन मुलं फक्त पहिला नंबर पाठ करून येतात.

३. परिपत्रक हातात पेन घेऊन वाचा

मोबाइलवर वरवर वाचू नका, छापून घ्या. त्यात या गोष्टींखाली रेघ मारा:

- जागा किती, आणि त्या कॅप्टनच्या की फर्स्ट ऑफिसरच्या
- किमान तास, आणि ते एकूण की सध्याच्या टाइपवरचे
- बेस कुठले, आणि बेसची पसंती वेगळी भरायची की विमानाबरोबरच
- फ्रीझ (नव्या विमानावरून दुसरीकडे हलता न येण्याचा काळ) किती वर्षांचा, आणि तो कुठल्या दिवसापासून मोजणार
- बिड मागे घ्यायची शेवटची तारीख
- प्रशिक्षण पार झालं नाही तर जुन्या फ्लीटवर परत घेणार का

फ्रीझ कधीपासून, हा मुद्दा फार जण सोडून देतात. निकालाच्या दिवसापासून, सिम्युलेटरच्या पहिल्या दिवसापासून, की लाइनवर रिलीज झाल्यापासून, म्हणजे प्रशिक्षण संपून नेहमीच्या उड्डाणांवर गेल्यापासून? यात सहज सात-आठ महिन्यांचा फरक पडतो.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत पायलट संघटनेच्या करारानेच सगळं बांधलेलं असतं. पात्र माणसांत नंबर वरचा असेल तर जागा त्याची, विषय संपला. आपल्याकडे सगळीकडे तसं नाही. काही ठिकाणी 'इच्छुकांनी कळवावे' एवढंच असतं आणि निवड व्यवस्थापन करतं. नंबर हा त्यातला एक निकष असतो. तुमच्या परिपत्रकात 'सिनिऑरिटीनुसार' लिहिलंय की 'सिनिऑरिटी आणि योग्यतेनुसार', हे शब्द नीट बघा. दुसऱ्या प्रकारात शिस्तीची नोंद, आजारपणाच्या रजा, चेकचे शेरे, सगळं मोजलं जाऊ शकतं.

४. आता खरा हिशोब

माझं पहिलं परिपत्रक आलं तेव्हा मी सुट्टीवर घरी होतो. राजारामपुरीत झेरॉक्सवाल्याकडून अठरा पानांची यादी छापून आणली आणि सोप्यात पसरून बसलो. नंबर ४१२, जागा ३६. आबांना म्हटलं, "आपला काय लागत नाही."

आबांनी चष्मा लावला. "तुझ्या वरल्या चारशे अकरांतलं जाणार हायत किती?"

"म्हणजे?"

"माझ्या आधी पन्नास नोंदी असत्यात. त्यातलं धा जण गुऱ्हाळाला घालत्यात, पाच जण बियाण्याला ठेवत्यात. मग माझी पाळी छत्तिसावी, एक्कावन्नावी न्हवं."

मी पेन्सिल घेतली. वरच्या ४११ मधले १९० आधीच कॅप्टन होते. ते फर्स्ट ऑफिसरच्या सीटसाठी येणार नव्हते. त्यांच्यावर काट मारली. उरले २२१. त्यातले ७० दुसऱ्या फ्लीटवर फ्रीझमध्ये अडकलेले, ते येऊच शकत नव्हते. ६० जण कमांडच्या उंबरठ्यावर होते, ते कशाला हलतील? राहिले ९१. त्यातले ५८ जण अशा बेसवर घर करून होते जिथे नवं विमान येणारच नव्हतं. मुलांच्या शाळा, जोडीदाराची नोकरी. हे सगळं यादीत लिहिलेलं नसतं, पाच-सहा जणांना फोन करून काढलं. शेवटी माझ्या पुढे ३३ राहिले. म्हणजे मी चौतिसावा, आणि जागा ३६. निकाल लागला तेव्हा मी एकतिसावा होतो.

असाच हिशोब तुम्ही करा. येऊ न शकणारे आधी काटा, येणार नाहीत असे वाटणारे नंतर, आणि दुसरी काट नेहमी पेन्सिलीने मारा, कारण माणसं शेवटच्या दिवशी मन बदलतात.

पण हा झाला अर्धाच हिशोब, आणि मी त्या दिवशी इथेच थांबलो. एटीआरवर १४० फर्स्ट ऑफिसरांत मी ३८ वा होतो. सुट्टी मागितली की मिळायची. नव्या जेटवर मी ३६ जणांत ३१ वा. पहिल्या वर्षी महिन्यातले निम्मे दिवस स्टँडबायवर गेले, आणि अंबाबाईच्या नवरात्रात एकदाही घरी येता आलं नाही.

मी मनाशी धरलं होतं की विमानं वाढतील, खाली माणसं येतील, नंबर आपोआप वर सरकेल. विमानं वाढलीही, फर्स्ट ऑफिसर ३६ चे ९० झाले. पण नव्या ५४ जणांतले २० माझ्यापेक्षा सिनियर होते. पहिल्या फेरीत त्यांनी मुद्दाम वाट बघितली होती, फ्लीट स्थिरावल्यावर ते आले, आणि फ्लीटमधला क्रम कंपनीच्या नंबरानेच लागत असल्याने थेट माझ्या वर बसले. ९० जणांत मी ५१ वा. इथे उसाचा दाखला थांबतो. एकदा तोड सुरू झालेल्या फडात मागून कोणी पुढे घुसत नाही, इथे घुसतं. म्हणून बिडच्या आधी दोन आकडे काढा: आज तिथे तुम्ही कितवे, आणि न आलेले सिनियर पुढच्या फेरीत आले तर कितवे.

विमानं खरंच किती येणार, हेही बघा. ऑर्डरची बातमी आणि धावपट्टीवर उतरलेलं विमान यात फार अंतर असतं. इंडिगोने एप्रिल २०२४ मध्ये ३० ए ३५०-९०० मागवली, ती २०२७ पासून येतील असं तेव्हाच सांगितलं होतं. उलट एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑर्डर जाहीर केली आणि त्याच डिसेंबरात पहिलं ए ३५० दिल्लीला आलं, कारण सुरुवातीची विमानं मुळात दुसऱ्या कंपनीसाठी बांधलेली होती. तुमच्या परिपत्रकात विमान येण्याच्या तारखा नसतील तर प्रशिक्षण विभागाला विचारा की सिम्युलेटरचे स्लॉट किती महिन्यांचे घेतलेत. त्यावरून खरी गती कळते. विमानं थोड्या मुदतीच्या लीजवर असतील तर आणखी सावध राहा. लीज संपली की फ्लीट गुंडाळतात आणि माणसांना पुन्हा हलवतात.

५. पसंतीक्रम: माझी चूक

त्याच बिडमध्ये एटीआरच्या कमांडच्या जागाही होत्या. माझे तास पूर्ण होते, एटीपीएल (कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स) हातात होतं. मला वाटलं, कमांड आपल्या नंबरापर्यंत येणार नाही. म्हणून फॉर्मवर पहिली पसंती जेटची फर्स्ट ऑफिसर सीट, दुसरी एटीआरची कमांड, अशी भरली. समजूत अशी की दोन्ही मिळत असतील तर कंपनी फोन करून विचारेल.

कंपनी विचारत नाही. फॉर्म वरून खाली वाचला जातो. तुमचा नंबर जिथे पहिल्यांदा पोचतो ती जागा तुमची, आणि खालच्या ओळी तिथेच रद्द. मला जेट मिळालं. कमांड ४१९ नंबरापर्यंत गेली. तो ४१९ माझा बॅचमेट. माझ्या मागे सात नंबर असून कॅप्टनचे चार पट्टे त्याच्या खांद्यावर आधी आले. मी फ्रीझमध्ये, हलता येईना. त्याचा मला राग नाही, त्याने फॉर्म नीट भरला होता.

तेव्हा नियम असा ठेवा: मिळेल की नाही याचा अंदाज करून क्रम लावू नका. सगळ्यात जास्त जे हवं ते पहिलं, मिळायची शक्यता कितीही कमी असली तरी. वर अशक्य ओळ ठेवल्याने खालच्या ओळीचं नुकसान होत नाही. आणि जी जागा मिळाली तर तुम्ही रडाल, ती फॉर्मवर लिहूच नका. 'कुठेही चालेल' हा पर्याय असेल तर त्याला हात लावू नका.

काही कंपन्यांत कायम नोंदवून ठेवलेलं बिड असतं, तुम्ही बदलेपर्यंत तेच चालू राहतं. दोन वर्षांपूर्वी भरलेलं विसरून माणसं नको त्या बेसवर गेलेली मी पाहिलीत. दर परिपत्रकाला ते उघडून बघा.

६. फ्रीझ, बॉण्ड आणि नोटीस एका कागदावर मांडा

टाइप रेटिंगच्या (त्या प्रकारचं विमान उडवायच्या परवानगीच्या) खर्चापोटी कंपनी बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) घेते. जुन्या टाइपचा बॉण्ड संपला नसेल तर नवा त्याच्यावर चढतो की जुना बंद होतो, हे सहीआधी लेखी घ्या. त्यावर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाने नोकरी सोडायची नोटीस: कॅप्टनला एक वर्ष, को-पायलटला सहा महिने. एका कागदावर वर्षांच्या चौकटी पाडा आणि तिन्ही पट्ट्या एकाखाली एक रंगवा. ज्या महिन्यात तिन्ही संपतात, तोच तुमचा मोकळा होण्याचा पहिला दिवस.

आता कमांड. नव्या टाइपवर कॅप्टन व्हायला कंपनी सहसा त्या टाइपवरचे ठरावीक तास मागते. एटीपीएलसाठी लागणारे १५०० तास पूर्ण झाले म्हणजे झालं, असं नाही. एटीआरवर कमांड वर्षभरात दिसत असेल, तर मी म्हणेन ती आधी घ्या, विमान नंतर. कॅप्टनचे तास पुढे कुठेही मोलाचे असतात. पगार जेटवर साधारण जास्त असतो हे खरं, पण कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर यांच्या पगारातली दरी त्याहून मोठी असते. वय पंचविशीच्या आत आणि कमांड चार-पाच वर्षं लांब असेल, तर मात्र जेटला खुशाल जा. बहुपायलट विमान ६५ पर्यंत उडवता येतं. तुमच्यापुढे चाळीस वर्षं आहेत.

७. बेस आणि कोल्हापूर

हा मुद्दा मुंबई-पुण्याच्या मुलांना नसतो, आपल्याला असतो. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, एटीआर आणि एम्ब्रेअर उतरतात, पण तुमचा बेस तिथे नसतो. बेस मुंबई असेल तर ड्यूटी संपवून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरता येते. दिल्ली असेल तर दोन दिवसांच्या सुट्टीतला एक प्रवासातच जातो. आणि स्टँडबाय असेल तर बोलावल्यापासून ठरलेल्या वेळात विमानतळावर हजर व्हावं लागतं, म्हणजे घरी येणं विसराच. तळाचा नंबर म्हणजे जास्त स्टँडबाय, जास्त स्टँडबाय म्हणजे बेसवर भाड्याची खोली. ती खोली हिशोबात धरा. आईवडील थकलेले असतील तर नवं विमान सोडून मधला नंबर आणि जवळचा बेस धरणं यात कमीपणा काही नाही. माझ्या ओळखीच्या दोघांनी तेच केलं आणि ते सुखात आहेत.

८. फॉर्मआधी जवळ ठेवायचे कागद

- लायसन्स, एफआरटीओएल (विमानातला रेडिओ वापरायचं लायसन्स), इंग्रजी प्रावीण्याची नोंद, सगळ्यांच्या मुदती तपासून
- क्लास वन मेडिकल. प्रशिक्षणाच्या मधेच संपत असेल तर आधीच करून घ्या
- आयआर (फक्त उपकरणांवर उडवण्याचं रेटिंग) आणि प्रावीण्य तपासणीच्या तारखा
- ईजीसीएवरचं (डीजीसीएच्या पोर्टलवरचं) लॉगबुक, तासांची बेरीज कंपनीच्या आकड्याशी जुळवून
- पासपोर्ट, कारण सिम्युलेटर परदेशी असू शकतो
- रुजू झाल्याचं पत्र आणि यादीची ताजी प्रत
- जुन्या बॉण्डची प्रत

यादीत तुमची रुजू तारीख चुकीची असेल तर हरकत नोंदवायची मुदत असते, ती गेली की कोणी ऐकत नाही. फॉर्म भरल्यावर स्क्रीनचा फोटो आणि पोचपावतीचा मेल जपून ठेवा. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, सर्व्हर बसतो.

९. निकालानंतर

नाव लागलं म्हणजे लगेच नवं विमान, असं नसतं. आधी ग्राउंड क्लास आणि तांत्रिक परीक्षा, मग चार-चार तासांचे सिम्युलेटर सेशन, स्किल टेस्ट, एंडोर्समेंट (लायसन्सवर नव्या टाइपची नोंद), त्यानंतर ट्रेनर कॅप्टनबरोबर लाइन ट्रेनिंग (नेहमीच्या उड्डाणांवरचं प्रशिक्षण) आणि शेवटी रिलीज. एटीआरवरून जेटवर जाताना सगळ्यात जड जातं ते विमान खाली आणणं. एटीआरची शक्ती कमी केली की पंख्यांच्या ओढीने वेग लगेच पडतो. जेट घसरतच राहतं, उतरायचा विचार किती तरी मैल आधी करावा लागतो. मला हे अंगवळणी पडायला चार सेशन लागले. कॉकपिटचं पोस्टर भिंतीवर लावून खुर्चीत बसा आणि हात फिरवून चेकलिस्ट म्हणा, रोज अर्धा तास.

सिम्युलेटर संपून लाइन ट्रेनिंगला महिना-दोन महिने गेले तर लगेच लेखी विचारा. विमान वेळेवर आलं नाही की हे हमखास होतं, आणि शिकलेलं हातातून निसटतं. त्या काळात पगार कुठल्या टाइपचा मिळणार, तेही त्याच पत्रात विचारा. एखादा सेशन पुन्हा करावा लागला तर घाबरू नका, अतिरिक्त सेशन बहुतेक ठिकाणी मिळतात; मात्र तिसऱ्या पायरीत रेघ मारलेली परतीची अट तेव्हा हाताशी असू द्या.

रिलीज झाल्यावर नव्या फ्लीटची आणि बेसची यादी मागून घ्या, तुमचा तिसरा नंबर पुन्हा काढा आणि फ्रीझ संपण्याची तारीख कॅलेंडरवर लावा. त्याच्या सहा महिने आधीपासून परिपत्रकांवर लक्ष ठेवा.